हात सुटेपर्यंत

तिला सगळे खुसपटबाई म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. खुसपटं काढायचाच तर पगार मिळत होता. कुणाला फुलं आवडतात, कुणाला दागिने. हिला चुका आवडत. कॉम्प्युटरवरचे खेळ बाजारात जाण्याआधी तपासायचे, हे तिचं काम. बाहुलीला भिंतीवर आपटून बघायचं, जिन्यावरून उलटं चालवायचं, चालू चुलीवर बसवायचं, आणि काय मोडतं ते लिहून पुढं पाठवायचं. बारा भानगडी करणारी पोरं घरोघरी असतात, पण भानगडीच करून निवृत्तीपर्यंत पोचायची ही एकटीच, असं तिचा नवरा पूर्वी म्हणायचा. पूर्वी म्हणजे तो बोलायचा तेव्हा.

जो खेळ ती वर्षानुवर्षं तपासत आली तो तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर तुमच्या मुलांना असेल. त्यात घर बांधायचं, घरात माणसं ठेवायची, त्यांना जेवू घालायचं, कामाला धाडायचं, लग्नं लावायची. जिंकणं नाही, हरणं नाही. नुसता संसार. एवढ्याशा गोष्टीवर एका कंपनीनं काचेच्या इमारती उभ्या केल्या होत्या. लोक स्वतःच्या घरात भांडी तशीच ठेवून त्या घरातली भांडी घासत बसायचे. खुसपटबाई त्याला नुसतं मोठा खेळ म्हणायची.

तपासणाऱ्यांची एक रीत होती. प्रत्येकानं चाचणीसाठी एक घर बांधून ठेवायचं, आणि ते शक्यतो स्वतःचंच. कारण साधं. परक्याच्या घरात दार उलट्या बाजूला उघडलं तर कळत नाही, आपल्या घरात लगेच खटकतं. म्हणून तिनंही आपलं बिऱ्हाड जसंच्या तसं उभं केलं होतं. लांबट स्वयंपाकघर, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरावं लागेल एवढीच बोळकंडी, खिडकीशी लोखंडी खाट. त्यात तिघं ठेवले. ती, लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा नवरा, आणि त्यांची एकुलती एक मुलगी. मुलीला घरी टिल्ली म्हणत. टिल्लीनं स्वतः आईच्या मांडीवर बसून आपल्या बाहुलीचे कपडे निवडले होते. पिवळा फ्रॉक, त्यावर हिरवे मोजे. आई म्हणाली, हे कसलं ध्यान दिसतंय. टिल्ली म्हणाली, असू दे.

नवव्या वर्षी टिल्ली गेली. तापाचं निमित्त झालं, आणि डॉक्टरांना आजाराला नाव द्यायलाही वेळ मिळाला नाही.

खुसपटबाई कामावर परतली त्या दिवशी तिनं सवयीनं मशीन सुरू केलं, आणि बोळकंडीत पिवळा फ्रॉक उभा. मोठ्या खेळात एक सोय होती. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण केली की घरातल्यांचं वय थांबायचं. तिनं खूण केली. त्यानंतर कित्येक वर्षं जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खाली जायचे आणि ही जागेवरच डबा उघडून बसायची. समोर टिल्ली पायऱ्यांवर उड्या मारत असायची. आता कुणी म्हणेल, बाईनं कुणाजवळ तरी मन मोकळं करायला हवं होतं. म्हणणाऱ्याचं काय जातं? घरी तर नवऱ्यानं आठवडाभरात मुलीचे कपडे, दप्तर, सगळं देऊन टाकलं होतं आणि तिचं नाव घेणंही सोडलं होतं. तो लिफ्टवाला, यंत्राशी त्याचं छान जमे, पण बोलायची वेळ आली की गडी दोन मजल्यांच्या मधेच अडकायचा.

मग एके दिवशी कंपनीनं तपासणी विभागच बंद केला. यापुढं खेळणारे लोकच चुका शोधतील आणि तेही फुकटात, असं साहेबांनी फार गोड शब्दांत सांगितलं. मशीन तिथल्या तिथं परत करायचं होतं. तिनं पाच मिनिटं मागितली. साहेब सज्जन होता, त्यानं विचारलं, "त्यात काही वैयक्तिक आहे का?"

काय सांगणार? माझी मुलगी आहे त्यात, असं सांगणार? "नाही," ती म्हणाली. मशीन गेलं, पुसलं गेलं, आणि टिल्ली दुसऱ्यांदा गेली. या खेपेला तर निरोपही धड घेता आला नाही.

त्यानंतरचे महिने तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. घरातल्या प्रत्येक दारात ती थबकायची. नवरा संध्याकाळी यायचा, हात धुवायचा, जेवायचा. तो काही विचारायचा नाही, ती काही सांगायची नाही. भिंतींनाच कंटाळा आला असेल.

तिला परत कामाला लावलं ते तीन पोरांनी. कपडे धुऊन इस्त्री करणाऱ्याच्या दुकानावर त्यांनी एक खोली घेतली होती. खालची वाफ फरशीतून वर यायची आणि खोलीत कायम ओल्या कापडाचा वास. एक लांबच लांब मुलगा, त्याला सगळे खांब म्हणत. कल्पना त्याच्या, बोलणं त्याचं. चित्रं काढणारा रंगारी, जो दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायचा. आणि सगळं कोड लिहिणारी एक मुलगी, भिंगरी, कारण ती खुर्चीवर कधी स्थिर बसलीच नाही. हे तिघं निघाले होते मोठ्या खेळाशी टक्कर द्यायला. हत्तीच्या पायाला चावायला निघालेल्या मुंग्याच म्हणायच्या. पण हत्ती तोवर फार सुस्तावला होता. खेळ वेगळा विकायचा, त्यातले पडदे वेगळे, खुर्च्या वेगळ्या, पाऊस हवा असेल तर त्याचेही पैसे वेगळे. लोक वैतागले होते.

पहिल्याच दिवशी खुसपटबाईनं त्यांच्या खेळातले एक आजोबा छपरावर नेऊन अडकवले, एका जोडप्याचं एकमेकांशीच दोनदा लग्न लावलं आणि बाथटब दारातून बाहेर चालवत नेला. पोरं हरखून गेली. खांब म्हणाला, "मावशी, तुम्ही उद्यापासून या." ती मावशी झाली.

मग त्यानं आपल्या खेळाची खुबी सांगितली. "मोठ्या खेळात सगळं थांबवता येतं. वय थांबवा, मरण थांबवा, मेलेला परत आणा. कशाचंच काही वाटत नाही मग. आमच्यात वेळ थांबत नाही. कुणासाठी नाही. एक बटण कमी, हाच आपला खेळ."

त्याच क्षणी तिनं पिशवी उचलून घरी जायला हवं होतं. पण काम सुटलेल्या माणसाला कामाचा वास आला की पाय निघत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला त्या खोलीत बरं वाटलं होतं. ती राहिली.

चाचणीचं घर बांधायची वेळ आली तेव्हा तिनं ठरवलं, फक्त दोघंच ठेवायची, नवरा-बायको. दोन दिवस ठेवलीही. तिसऱ्या दिवशी बोळकंडी इतकी रिकामी दिसायला लागली की तिनं पिवळा फ्रॉक शोधून काढला. या खेळात मुलाचा चेहरा आईबापाच्या चेहऱ्यातून घडायचा, आणि रंगाऱ्याचा हात असा की टिल्लीनं मान वर केली तेव्हा बाई खुर्चीला घट्ट धरून बसली.

पण वेळ थांबत नव्हती. खेळातलं वर्ष भराभर सरे आणि दहावा वाढदिवस जवळ येई. दहा वर्षांची टिल्ली तिनं पाहिलेली नव्हती. ती पाहणं म्हणजे नऊ वर्षांची कायमची जाणं. मग वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी ती घर पुसून टाके आणि पुन्हा पहिल्यापासून बांधे. असं किती वेळा केलं याचा हिशेब तिनं ठेवला नाही. प्रत्येक वेळी पुसायच्या आधी टिल्ली तिच्याकडं वळून बघायची. ते नुसतं चित्र आहे, सगळ्याच बाहुल्या असं वळून बघतात, हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग?

एकदा तपासताना फार गंमत झाली. एक आई बाळाला आंघोळ घालत होती, तेवढ्यात त्याचा वाढदिवस आला, ते मोठं झालं आणि आईचे हात त्याच्या पोटातून आरपार. सगळे पोट धरून हसले. खांबानं नियम केला: कुणी अंगाला हात लावलेला असेल तोवर त्या माणसाची वेळ धरून ठेवायची; हात सुटला की साचलेली सगळी वर्षं एकदम लावायची. भिंगरीनं तो जेवायच्या आत लिहून टाकला. नियम चोख होता. आंघोळ संपतेच, कडेवरून मूल उतरतंच. हात कधीतरी सुटतोच.

आता बाईच्या खऱ्या घरात टिल्लीची वेणी घालायची एक जागा होती. आतल्या खोलीत उजेड कमी, म्हणून स्टूल दारात ठेवायचं, अर्धं आत, अर्धं बोळकंडीत. आपलं घर जसंच्या तसं उभं करायचं या शिस्तीपोटी तिनं खेळातलंही स्टूल दारात सरकवलं, टिल्लीला बसवलं, आईच्या बाहुलीला मागं उभं केलं. वेणी शेवटच्या पेडाला आली. आणि खेळाला कळेना की या दोघी कुठल्या खोलीत आहेत. वेणी सुटली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. परत शेवटाला आली, परत सुरू झाली. दहावा वाढदिवस आला, थांबला, निघून गेला. स्टुलावरची टिल्ली नऊ वर्षांचीच.

अशी चूक सापडावी म्हणून तपासणारे जन्मभर झुरतात. तिनं तक्रारीचा रकाना उघडलासुद्धा. मग तो मिटला आणि मशीनला कागदाची चिठ्ठी लावली: बंद करू नये.

सुरुवातीचे दिवस तिनं सुखात काढले म्हटलं तरी चालेल. इतर मशीनांवर काम करायचं आणि अधूनमधून कोपऱ्यातल्या पडद्याकडं बघायचं. वेणी चालू. पण नियम एकीपुरताच होता. टिल्लीच्या अंगाला हात होता, आईच्या अंगाला कुणाचा नव्हता. आईचं वय वाढत राहिलं. कानशिलं पिकली, मग सगळं डोकं पांढरं झालं, पाठ वाकली. बापाची बाहुली केव्हाच मरून गेली. रंगाऱ्यानं म्हाताऱ्यांच्या हातांना कंप दिला होता, अगदी जीव लावून काढलेला. तो थरथरता हात कंगवा घेऊन वरून खाली यायचा, पुन्हा वर जायचा.

आणि टिल्लीच्या डोक्यावर एक फुगा उमटायला लागला. या खेळात बाहुलीला काय हवं ते डोक्यावर चित्रात दिसतं. भूक लागली तर ताट, झोप आली तर उशी. टिल्लीच्या फुग्यात एक दार होतं. ते जाईना. बाईनं पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कागद चिकटवून टाकला.

मग ते घरी आलं. म्हणजे कुणी आलं नाही, तशी ती वेडी नव्हती. पण चहाला आधण ठेवून उभी राहिली की मागून सर्र आवाज यायचा, कंगवा केसातून जातो तसा. रस्त्यात पुढं चालणाऱ्या मुलीची अर्धी वेणी दिसे आणि ती मुलगी वळून बघेल या भीतीनं बाई दुसऱ्या बाजूला जाई. एकदा नवऱ्यानं विचारलं, "दारात काय उभी राहिलीस?" ती खरंच दारात उभी होती, एक पाय आत, एक बाहेर, आणि हात हवेत धरलेला. "काही नाही," ती म्हणाली. तो अंग चोरून आत गेला.

तिला आता एकच भीती होती. म्हातारी मरणार. या खेळात मरणाची तारीख आधी कळत नाही, पण तिची वेळ केव्हाच भरत आली होती. ती पडली की हात सुटेल, हात सुटला की साचलेली सगळी वर्षं एकदम येतील. रोज सकाळी बाई जिना घाईनं चढायची, आणि पडदा उजळून पांढरं डोकं दिसलं की मगच पिशवी खाली ठेवायची.

अशातच खेळ बाजारात आला आणि कुणाला वाटलं नव्हतं एवढा चालला. लोक मोठ्या खेळातली घरं सोडून इकडं यायला लागले. खेळता खेळता रडलो, असं लोक लिहीत आणि पुन्हा खेळत. मोठी कंपनी आधी हसली, मग तिनं जाहिरात केली की आमच्याही पुढच्या आवृत्तीत खरंखुरं म्हातारपण मिळेल, हवं असल्यास. खांबानं ती जाहिरात छापून संडासाच्या दाराला लावली.

आणि मग एक तक्रार आली. सोबत व्हिडिओ. सगळे भिंगरीच्या पडद्याभोवती जमले. कुणा परक्याचं घर, निळे पडदे. दारात स्टूल, स्टुलावर एक मुलगी, मागं पांढऱ्या केसांची म्हातारी, तिचा हात वर-खाली. पाठवणारी बाई मागून बोलत होती. "किती दिवस झाले, हे असंच चाललंय. पोरगी मान ताठ धरून बसलीय आणि ही म्हातारी तिला सोडतच नाही. बघवत नाही हो. माझ्या मुलानं खेळ काढून टाकायला लावला. काय आहे हे?"

खुसपटबाई ते बघत होती. स्वतःच्या पडद्यावर तिनं कायम टिल्लीच पाहिली होती. म्हातारी काय करतेय ते तिनं आज पाहिलं.

"मावशी, तुम्हाला हे कधी दिसलं होतं?" खांबानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. हे तिचं दुसरं नाही.

बाहेर लोकांनी तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. वेळ थांबत नाही म्हणे, मग ही पोरगी काय गोठलीय? तीन पोरांनी एकाच वाक्यावर दुकान मांडलं होतं आणि तेच वाक्य खोटं पडत होतं. भिंगरीला चूक सापडेना, कारण तिच्या चाचणीच्या घरातलं स्टूल शहाण्यासारखं खोलीच्या मधोमध होतं. तिचे डोळे सुजले, खाणं सुटलं. ती एवढंच म्हणत राहिली, "मावशीला सापडलं नाही म्हणजे माझ्याच कोडमध्ये काहीतरी फार वाईट आहे. मला येत नाही हे काम." ते मात्र बाईला ऐकवेना. पोर तिच्यामुळं स्वतःला कमी समजत होती.

दुपारी दोघं मुलगे खाली गेल्यावर ती म्हणाली, "स्टूल दारात ठेव. अर्धं आत, अर्धं बाहेर."

भिंगरीनं ठेवलं. वेणी शेवटाला आली, सुटली, सुरू झाली. तिनं वेणी आणखी एकदा शेवटापर्यंत जाऊ दिली. मग वळली. "तुम्हाला कधीपासून माहितीय?"

"पहिल्यापासून."

"आणि तुम्ही मला नुसतं बघत राहिलात?" भिंगरीचा आवाज चढला. "मी इथं डोकं आपटतेय, आणि तुम्ही डबा खात बसलात? तुमच्यावर विश्वास होता माझा, मावशी." ती बरंच बोलली आणि ते सगळं खरं होतं. बाईनं ऐकून घेतलं. मग उठून कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेली आणि पडद्यावरचा कागद सोलून काढला.

भिंगरी जवळ आली. दाराचं चित्र, त्याखाली पिवळा फ्रॉक, हिरवे मोजे. "ही कोण?"

"माझी मुलगी."

खालून इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. भिंगरीनं डोळे पुसले आणि खुर्ची ओढून शेजारी बसली, आणि पहिल्यांदाच ती हलली नाही. मग म्हणाली, "दुरुस्ती सोमवारी सगळीकडं जाईल, ते मला थांबवता येणार नाही. पण तुमच्या मशीनवर मी ती टाकणार नाही. म्हातारीचं मरणसुद्धा काढून देते, एका ओळीचं काम आहे. फक्त तुमच्यापुरतं. मग हे कधीच थांबणार नाही. करू?"

बघा, जे देवाजवळ मागायची तिची छाती झाली नव्हती ते ही पोरगी चहा विचारावा तसं विचारत होती. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि कानात ती परकी बाई बोलली, बघवत नाही हो. "घरी विचारून सांगते," खुसपटबाई म्हणाली. इतक्या वर्षांत घरी काही विचारायची ही पहिलीच वेळ.

रविवारी दुपारी नवरा खिडकीशी पेपर वाचत बसला होता. तिनं कामावरून चालूच ठेवून आणलेलं ते कोपऱ्यातलं मशीन टेबलावर ठेवलं. "अहो, इकडं या जरा. एक दाखवायचंय."

"माझं काय काम त्यात?"

"या तर."

तो आला, चष्मा पुसला, वाकून बघितलं. आधी त्याला आपलं घर दिसलं. बोळकंडी, खाट, लांबट स्वयंपाकघर. मग स्टूल. त्याचा हात टेबलाच्या कडेवर आला आणि तिथंच राहिला. आता हा उठून जाणार, असं तिला वाटलं. तो गेला नाही.

"ही म्हातारी कोण?" त्यानं विचारलं.

"मी."

"किती वेळ विंचरतेयस?"

"झाली की बरीच वर्षं."

सर्र, कंगवा खाली आला. सर्र, पुन्हा. तो बघत होता. लिफ्टचा ताणलेला दोर कुठं झिजलाय ते बघताना तो जसा बघायचा, तसा. मग अगदी हळू म्हणाला, "डोकं दुखत असेल गं पोरीचं."

तिला रडू फुटलं. मुलगी गेली तेव्हा दोघं मिळून रडले नव्हते; ते आता झालं. त्यालाही आवरेना. तो चष्मा हातात धरून नुसता उभा होता आणि म्हणत होता, "सोड आता तिला. सोड."

तिनं माउस धरला. स्टूल दारातून आत ओढलं, बोटभरच. वेणी शेवटच्या पेडाला आली, आणि या वेळी ती सुटली नाही. म्हातारीनं टोक बांधलं. हात खाली घेतला.

साचलेली वर्षं आली. फ्रॉक आखूड झाला, मग फ्रॉकच राहिला नाही. खांदे रुंदावले, गाल ओसरले, नाक बापाचं निघालं. एक उंच, पोक्त बाई स्टुलावरून उठली आणि आपल्या वेणीला हात लावून बघू लागली. जगली असती तर एक दिवस या वयाला आली असती. दोघांनी एकमेकांना काही दाखवलं नाही, दोघांनाही दिसत होतं.

"आता ती जाईल," खुसपटबाई म्हणाली. "मोठी मुलं घर सोडतात. आणि माझी तर वेळच भरलीय. या खेळात थांबवायचं बटण नाही."

पण ती दाराकडं गेली नाही. खांबानं खेळात एक गोष्ट घातली होती आणि ती बाईनंच तपासली होती, तरी त्या घटकेला डोक्यातून पार गेली होती: लहानपणी अंगावर जे फार वेळा घडलं, ते माणूस मोठेपणी दुसऱ्याला करतं. मुलीनं म्हातारीच्या थरथरत्या हातातून कंगवा काढून घेतला. तिला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं, मागं उभी राहिली, आणि पांढरे केस विंचरायला लागली.

म्हातारीचा हात थरथरायचा थांबला. कुणी हात लावलेला असेल तोवर वेळ थांबते.

नवरा खुर्ची ओढून बसला. "मघाशी म्हणालीस, तुझी वेळ भरलीय."

"भरलीय. पोरीचा हात सुटेपर्यंत आहे."

"सुटेल?"

"स्टूल आता खोलीत आहे. वेणी संपेलच." केस विरळ होते, फार वेळ लागणार नव्हता. "स्टूल परत दारात सरकवलं तर नाही संपणार."

माउस तिच्या हाताखालीच होता. भिंगरीची ती एक ओळही हाताशीच होती. एक फोन केला की झालं. तो पडद्याकडं बघत म्हणाला, "आणि संपली की?"

"मग मी मरेन."

"ती?"

"ती राहील."

तिनं माउसवरून हात उचलला आणि मांडीवर ठेवला. पडद्यावर मुलगी म्हातारीच्या केसांचे पेड पाडत होती, न ओढता, सावकाश. दोघं शेजारी शेजारी बसून वेणी संपायची वाट बघू लागली.